एकदाच बघायचं

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला माझं औषधांचं दुकान आहे. लोक त्याला दुकान म्हणत नाहीत, मेडिकल म्हणतात, आणि मला मेडिकलवाल्या म्याडम. नवऱ्याची बदली वाशी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर झाली तेव्हा आम्ही इथं आलो आणि मी हे दुकान टाकलं. पहिली अकरा वर्षं मी गोळ्या दिल्या आणि विसरून गेले. चिठ्ठी वाचायची, डबा उचलायचा, स्ट्रिप काढून चिठ्ठीशी ताडायची, पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायच्या, की पुढचं गिऱ्हाईक. जेवायला घरी गेल्यावर सकाळी कोण कोण आलं होतं हेही आठवायचं नाही.

मग एक चूक झाली. एक निवृत्त तलाठी माझ्याकडून साखरेच्या गोळ्या न्यायचे. त्यांना एक मिलिग्रॅमची गोळी होती, मी दोनची दिली. कंपनी तीच, डबाही हिरवाच. दुसऱ्या दिवशी त्यांची सून आली. "म्याडम, मामांच्या गोळीचा रंग येगळा दिसतोय बघा." मी स्ट्रिप हातात घेतली, दोनचीच होती. त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती. मी माफी मागून बदलून दिली. ती म्हणाली, "हुतंय की असं," आणि पावडरचा डबा घेऊन गेली. तिच्या लेखी विषय संपला. तलाठी त्यानंतरही माझ्याकडंच येत राहिले, त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही.

माझ्या लेखी तो त्या दुपारी सुरू झाला. जेवताना वाटलं, तिनं रंग बघितलाच नसता तर? पहाटे त्यांची साखर खाली गेली असती, घरातले झोपेत असते. आणि मग वाटलं, हिनं बघितलं म्हणून हे कळलं. जे बघत नाहीत त्यांचं काय? अकरा वर्षांत अशा किती गेल्या असतील?

सुरुवातीला मी फक्त दोनदा बघू लागले. त्यात वावगं काही नव्हतं. मग तीनदा. मग नाव, ताकद, मुदत मोठ्यानं वाचू लागले. गिऱ्हाईक पिशवी घेऊन पायरी उतरलं की मी म्हणायची, "जरा द्या बघू परत." काउंटरपुढं माणसं साठायला लागली. एकजण म्हणालाच, "म्याडम, गोळ्या देताय का सातबारा?" लोक हसले, मीही हसले, आणि त्याची स्ट्रिप चौथ्यांदा वाचली.

पुढं मी मोबाइलवर प्रत्येक स्ट्रिपचा फोटो काढायला लागले. गिऱ्हाईक गेल्यावर शंका आली तर बघता यावं म्हणून. फोन भरून गेला. तेव्हा मी मुलीच्या गॅदरिंगचे फोटो काढून टाकले आणि गोळ्यांचे ठेवले. हे मी केलं, आणि तेव्हा त्यात मला काही विचित्र वाटलं नाही.

फोटोनं भागेना झालं तशी मी स्कूटी काढू लागले. दुपारी दुकान बंद केलं की जेवायच्या आधी कुणाच्या तरी घरी. दारात उभी राहून म्हणायची, "कंपनीनं ही बॅच परत मागवलीय, जरा बघू पाकीट." साफ खोटं. लोक बिचारे आतून पाकीट आणून दाखवायचे. बरोबरच असायचं. परतताना छातीवरचं ओझं उतरलेलं असायचं आणि गावाची कमान येईपर्यंत दुसरं कुणीतरी आठवायचं.

सगळ्यांत जास्त फेऱ्या झाल्या त्या एका आजीकडं. वाशीपासून सातआठ किलोमीटरवर त्यांची वस्ती. घरी खव्याची भट्टी. मुलगा कढईत दूध आटवत बसलेला आणि आजी बाजूला खाटेवर. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या. आजींना वाचता येत नव्हतं, घरातलं कुणी लक्ष देईल असंही मला वाटायचं नाही, म्हणून माझी शंका तिथंच जाऊन बसायची. आठवड्यातून एकदा तरी जायचीच. आजी खूश. हातावर गरम खवा ठेवायच्या आणि सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या.

नवऱ्यालाही मी सोडलं नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन.

"अहो, त्या बाईंना मी पाचशेचीच दिली ना?"

"मी होतो का तिथं?"

"तरी सांगा."

"दिली असशील. बरोबरच देतेस तू."

या वाक्यावर माझी दहा मिनिटं जायची. मग पुन्हा फोन.

असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. एका सकाळी दुकानात एक बाई तान्ह्या बाळासाठी तापाचे थेंब घ्यायला आली. बाटली तिच्या हातात देताना माझ्या छातीत एकदम धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. मी स्टुलावर बसले. शेजारच्या लोकांनी समोरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्या त्यांच्याच. त्यांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत.

मग त्यांनी कंपाउंडरला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "तुमचा मला दिवसातून किती वेळा फोन येतो, माहीत आहे का तुम्हाला?"

मी कधी मोजले नव्हते.

"काल पाच वेळा आला. पाचही वेळा चिठ्ठी तुम्ही बरोबर वाचली होती. माझं अक्षर एवढंही वाईट नाही." ते हसले नाहीत. "हा काळजीचा आजार आहे. धाराशिवला सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. तिथं जा. बोलून करायचा एक उपचार असतो, त्याचा तुम्हाला उपयोग होईल."

मानसोपचार म्हटल्यावर मी चिडलेच. त्या गोळ्यांची नावं मला पाठ होती, त्यातल्या दोन तर माझ्या कपाटात वरच्या फळीवर होत्या. त्या न्यायला येणारी माणसं कशी गर्दी ओसरायची वाट बघतात हेही मी बघत आले होते. आता त्या रांगेत मी? घरी नवऱ्याला सांगितलं. त्यांना वाटलं होतं मी रडेन, मी भांडले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "गुरुवारी मी रजा टाकतो. दोघं जाऊ. नाही पटलं तर परत येऊ."

एसटीनं गेलो. तेरखेड्याला हायवेच्या कडेनं फटाक्यांच्या दुकानांचे बोर्ड दिसले तेव्हा मनात आलं, इथली माणसं रोज शोभेची दारू हाताळतात, त्यांना कसं जमतं? येरमाळ्याच्या पुढं मला झोप लागली. कितीतरी दिवसांनी दिवसाउजेडी डोळा लागला होता.

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी सगळी चौकशी केली, रक्त तपासायला सांगितलं आणि म्हणाले की औषधाची गरज वाटली तर देऊ, पण आधी समुपदेशनानं सुरुवात करू. समुपदेशक मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, उमरग्याकडच्या. त्यांची खोली म्हणजे एक लोखंडी कपाट, टेबल, तीन खुर्च्या. खिडकीतून रुग्णालयाची ऑक्सिजनची मोठी पांढरी टाकी दिसायची. मला वाटलं होतं त्या माझं लहानपण विचारतील. त्यांनी विचारलं, "ताई, काल शेवटची शंका किती वाजता आली?"

"साडेचारला."

"काय करत होता?"

मी सांगत गेले, त्या कागदावर लिहीत गेल्या. शंका आली. भीती वाटली. छाती धडधडली. फोटो बघितला. बरं वाटलं. त्यांनी शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत एक बाण ओढला. गोल पूर्ण झाला.

"ह्यातलं तुमच्या हातात काय आहे?"

"शंका," मी म्हणाले.

"ती तुम्ही बोलावता का?"

"नाही."

"मग?"

मी कागदावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. गोलात माझ्या हातानं होणारी एकच गोष्ट होती. फोटो बघणं.

"तपासल्यावर बरं वाटतं हे खरं," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक वेळी तपासलं की मनाला कळतं, ही शंका खरंच धोक्याची होती, म्हणून तर ही बाई तपासायला पळाली. मग मन पुढची शंका लवकर पाठवतं. आपल्याला मनाला दुसरा अनुभव द्यायचा आहे."

घरचा अभ्यास दिला. शंका आली की लिहायची. काय झालं, मनात नेमकं काय आलं, ते शंभरपैकी किती खरं वाटतं, त्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध बाजूनं काय. कंपन्यांचे लोक दुकानात पॅड देऊन जातात, त्यातलं एक पित्ताच्या गोळीच्या जाहिरातीचं पॅड मी त्यासाठी घेतलं. पहिल्या आठवड्यात बावीस पानं भरली. ‘आजींना चुकीची गोळी गेली. नव्वद टक्के खरं वाटतं.’ पुराव्याच्या जागी मी लिहिलं होतं, ‘तसं वाटतंय.’ मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. "हा पुरावा आहे का?" नव्हता. लिहिताना दिसलं नव्हतं, त्यांनी मोठ्यानं वाचल्यावर दिसलं.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्यावर चिडले. मी विचारलं होतं, "एवढं सांगा, माझ्या हातून कुणी दगावणार नाही ना?"

"ते मी नाही सांगू शकत."

"मग उपयोग काय याचा?"

"तुम्ही नीट काम करता. पण शंभर टक्के खात्री मी देऊ शकत नाही, कुणीच नाही. ती मागत राहिलात तर दुकान चालणार नाही आणि झोपही येणार नाही."

मी पर्स उचलून बाहेर आले. पॅसेजमध्ये दहा मिनिटं बसले. मग आत गेले आणि म्हणाले, "पुढं सांगा." त्या जणू मी पाणी प्यायला गेले होते अशा बोलायला लागल्या.

त्या दिवशी त्यांनी मला एक मोठा गोल काढायला लावला. "ही भाकरी समजा. तलाठीबुवांना काही झालं असतं तर जबाबदारी कुणाकुणाची? तुमचा तुकडा सगळ्यांत शेवटी काढायचा." मी म्हणाले, सगळी माझीच. त्यांनी पेन परत माझ्या हातात दिलं. मग मी एकेक तुकडा काढत गेले. दोन ताकदींना सारखा डबा करणारी कंपनी. गोळी घेणारा माणूस, तो स्वतः शिकलेला. रोज त्यांना गोळी काढून देणारी सून. पहिल्या लक्षणाला दवाखान्यात नेणारं घर. शेवटी माझा तुकडा उरला. लहान नव्हता, चतकोर होता. पण दीड वर्ष मी अख्खी भाकरी डोक्यावर घेऊन हिंडत होते.

मग पायऱ्या ठरवल्या. नियम एकच, प्रत्येक औषध एकदाच बघायचं, पण पूर्ण बघायचं. नावावर बोट, ताकदीवर बोट, मुदतीवर बोट, आणि गिऱ्हाईकाच्या हातात. त्यानंतर परत मागायचं नाही, फोटो नाही, फोन नाही. पहिल्या आठवड्यात हे फक्त बाम आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना. मग सर्दी-तापाला. मग रक्तदाब, साखर. सगळ्यांत वर लहान मुलांची औषधं. आणि औषध हातातून सुटलं की जी भीती वाटेल ती वाटू द्यायची, दर दहा मिनिटांनी शंभरपैकी किती ते लिहायचं.

बामपासून सुरुवात करताना मला हसू आलं होतं. पण पहिल्या सर्दीच्या गोळीला हसू गेलं. पंचाऐंशी लिहिलं. दहा मिनिटांनी ऐंशी. मग परत पंचाऐंशी. काउंटरची काच पुसत राहिले. पाऊण तासानं तीस. मी काहीही न करता ती खाली आली होती. असं होऊ शकतं हे मला कुणी सांगून पटलं नसतं.

नवऱ्यालाही मॅडमनी एकदा बोलावून घेतलं. मी विचारलं तरी ‘बरोबरच देतेस’ म्हणायचं नाही, असं सांगितलं. त्यांना ते फार जड गेलं. त्या संध्याकाळी मी विचारलंच, "अहो, ती डोळ्यांच्या थेंबांची बाटली..."

ते भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर असेल. नसेलही."

"असं कसं बोलता?"

"मॅडमनी सांगितलंय." आणि हळूच, "मला काय बरं वाटतंय का असं बोलायला?" त्यांचा चेहरा एवढा पडला होता की माझाच राग उतरला. आम्ही दोघांनी मिळून सगळी मेथी निवडली आणि डोळ्यांच्या थेंबांविषयी परत बोललो नाही.

सगळं सरळ झालं असं नाही. सहाव्या आठवड्यात मी नियम मोडला. आजींचा मुलगा त्यांच्या गोळ्या घेऊन गेला, आणि दुपारी मी स्कूटी काढली. वस्तीवर पोचले. कढईत दूध रटरटत होतं. मी तोंड उघडलं, पण बॅचचं खोटं बोलवेना. खाटेच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. "आजी, बॅच-बिच काही नसते. मला भीती वाटते की मी तुम्हाला चुकीची गोळी दिली. म्हणून येते. आता त्यावर उपचार चालू आहेत."

आजींनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आन् मला वाटायचं ह्या माज्यासाठी येतात."

मी खाटेवर त्यांच्या जवळ सरकले.

"आवं, सकाळची धवळी, सांजंची गुलाबी. येगळी आली तर म्या गिळीन व्हय? मागल्या साली त्या दुसऱ्या दुकानातनं पिवळी आणली हुती, म्या न्हाय घेतली. वाचता येत न्हाय म्हणून डोळं बी न्हाईत का?"

भाकरीतला हा तुकडा मी काढलाच नव्हता. मी उठले. मॅडमनी सांगितलं होतं की घरी गेलात तरी पाकीट न बघता परत फिरता येतं. मी म्हणाले, "आजी, मी आता अशी येणार नाही."

"मग माजं बीपी कोण बघनार?" त्या फुरंगटून म्हणाल्या. रक्तदाब मी कधीच बघितला नव्हता. तरी महिन्यातून एकदा सहज येईन असं कबूल केलं, आणि पाकीट न बघता निघाले. वाटेत दोनदा स्कूटी थांबवली. दोन्ही वेळा परत वाशीच्याच दिशेनं चालू केली. पुढच्या गुरुवारी मॅडमना हे सांगताना मला लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, "गेलात हे मागं जाणं. पाकीट न बघता आलात हे पुढं जाणं. दोन्ही लिहा."

फोटो मी आठव्या आठवड्यात काढून टाकले, नवऱ्याच्या समोर, एका बटणानं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि मग खरी चूक झाली. बारा भेटी संपून आता महिन्यातून एकदाच जात होते तेव्हा. एका खोकल्याच्या औषधाची मोठ्यांचं आणि लहानांचं अशी दोन खोकी येतात, नाव एकच. एक माणूस मुलासाठी घेऊन गेला. तासाभरानं मी फळीवरची खोकी लावत होते, तर लहानांची सकाळी जेवढी होती तेवढीच. मोठ्यांचं एक कमी. सकाळपासून मोठ्यांचं कुणीच नेलेलं नव्हतं.

छाती धडधडली. पण एक गोष्ट मला त्याही वेळी कळली, की हे वेगळं आहे. मॅडम नेहमी विचारायच्या, "शंका आली की पुरावा आला?" हा पुरावा होता, समोर फळीवर. मी बिलबुकातला त्याचा नंबर काढून एक फोन केला. "भाऊ, औषध मुलाला देऊ नका, माझ्याकडून मोठ्यांचं गेलंय. बदलून न्या." तो म्हणाला एक चमचा आत्ताच दिला. मी वयस्कर डॉक्टरांकडं गेले, रस्ता ओलांडून, मुलाचं वय आणि मात्रा सांगितली. ते म्हणाले एका चमच्यानं झोप जास्त येईल, बाकी काही नाही, लक्ष ठेवायला सांगा, काही वेगळं वाटलं तर घेऊन या म्हणावं. मी तसं फोनवर कळवलं. संध्याकाळी बाप मुलाला घेऊन आला. मुलगा जांभया देत होता आणि गोळी-बिस्किटांच्या बरणीकडं बघत होता. बाप थोडा रागावला होता, रास्तच होतं. मी माफी मागितली, बाटली बदलून दिली. मग मोठ्यांची खोकी उचलून समोरच्या भिंतीच्या फळीवर नेऊन ठेवली, जिथं जायला मला चार पावलं चालावं लागतं.

ज्या गोष्टीला मी दीड वर्ष भीत होते ती झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊला शटर उघडलं. पहिल्या गिऱ्हाईकाची चिठ्ठी वाचली, एकदा.

शेवटच्या भेटीत मॅडमनी एका पानावर लिहायला लावलं, हे परत आलं तर काय करायचं. मला वाटलं त्या म्हणतील परत येणार नाही. त्या म्हणाल्या, "येईल अधूनमधून. दिवाळीच्या गर्दीत, घरात आजारपण असेल तेव्हा. आल्यावर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे." खाली आल्यावर नवरा रुग्णालयाच्या फाटकाशी उसाचा रस पीत उभा होता. माझ्यासाठी एक ग्लास सांगितला.

शंका येतात अजून. आल्या की मी त्यांना बसू देते आणि काम करत राहते. काही दिवशी हे सोपं असतं, काही दिवशी पाऊण तास काच पुसावी लागते. औषधाची गोळी मला लागली नाही. कुणाला लागते, त्यात कमीपणा नाही, हे आता मी गिऱ्हाइकांना माझ्या नेहमीच्या आवाजात सांगू शकते.

यंदा जानेवारीत नणंदेकडं सास्तूरला दोन दिवस राहून आलो. दुकान बंद ठेवून दोन दिवस बाहेर, हे तीन वर्षांत पहिल्यांदा. सकाळी शेतात हुरडा भाजला. नणंदेचे पाहुणे, शेजारी, दहाबारा माणसं शेकोटीभोवती. माझा फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात राखेनं भरलेले होते, म्हणून नवऱ्यानं उचलून माझ्या कानाला लावला. वाशीचं गिऱ्हाईक होतं.

"म्याडम, दुकान कधी उघडताय?"

"परवा," मी म्हणाले. "घाई असेल तर चौकातल्या दुकानातनं घ्या."

आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं.